रेशनच्या यंत्रामागची वाटणी

भोकरदन तालुक्यातल्या कुठल्याही गावात महिनाअखेरीला रेशन दुकानासमोर उभे राहिले, की एक वाक्य हमखास कानावर पडते : "सर्व्हर डाऊन हाय मावशी, उद्या या." मावशी बोट पदराला पुसून पुन्हा काचेवर टेकवतात. दुकानदार यंत्र उचलून दारापर्यंत नेतो, रेंज येते का पाहतो. मागून कोणी सुचवते, "दुसरं बोट लावून बघा." यंत्राच्या लहानशा पडद्यावर एक आकडा उमटतो आणि जातो. तो वाचायच्या भानगडीत कोणी पडत नाही. नेमके काय बिघडले ते मात्र त्या आकड्यातच असते.

पडद्यावर ३०० आले तर ठसा जुळला नाही. पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारात जाणारी मिरची हंगामभर तोडणाऱ्या हातांना हा आकडा नवा नाही, कारण बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात. ७२० आले तर स्कॅनरच तयार नाही. या दोन्ही वेळा दूरवरच्या सर्व्हरचा काही दोष नसतो. चक्र नुसतेच फिरत राहिले आणि शेवटी वेळ संपल्याचा संदेश आला, तर मात्र गडबड पलीकडे आहे. पलीकडे म्हणजे कुठे, हा या प्रकरणाचा विषय. कारण पलीकडे एक सर्व्हर नाही, अनेक आहेत, आणि त्यांच्यातल्या कामाची वाटणी कशी केली यावर रांगेतल्या माणसाचा दिवस ठरतो.

महाराष्ट्रातल्या रेशन दुकानांत ई-पॉस यंत्रे आली ती २०१७-१८च्या सुमारास. राज्यात अशी दुकाने पन्नास हजारांहून अधिक आहेत. बोट काचेला लागले की पहिले काम यंत्रातच होते. स्कॅनरबरोबर येणारा 'आरडी सर्व्हिस' नावाचा प्रोग्राम ठसा टिपतो, त्याचे सांकेतिक लिपीत रूपांतर करतो आणि त्यावर त्या स्कॅनरची स्वतःची डिजिटल सही करतो. मग हे पाकीट राज्याच्या वितरण प्रणालीकडे जाते, तिथून आधार प्राधिकरणाशी जोडलेल्या मध्यस्थ संस्थेमार्फत प्राधिकरणाच्या डेटा सेंटरमध्ये. ती बंगळूरला आणि हरियाणातल्या मानेसरला आहेत. ठसा जुळला की नाही एवढेच उत्तर त्याच वाटेने परत येते आणि मग पावती निघते.

या वाटेवर न दिसणारा आणखी एक सर्व्हर आहे. पूर्वी ठसा घेणाऱ्या स्कॅनरला स्वतःची ओळख नसे, त्यामुळे एकदा साठवून ठेवलेला ठसा पुन्हा पुन्हा पाठवण्याची पळवाट उघडी होती. ती बुजवण्यासाठी आधार प्राधिकरणाने २०१७मध्ये नोंदणीकृत स्कॅनरच वापरायचे, असे बंधन घातले. प्रत्येक स्कॅनरला स्वतःचा क्रमांक आणि स्वतःची गुप्त किल्ली मिळाली. या किल्ल्या देणे, मुदतीने बदलणे, चोरीला गेलेल्या यंत्राची नोंदणी काढून टाकणे, ही कामे स्कॅनर बनवणाऱ्या कंपनीने स्वतःचा 'मॅनेजमेंट सर्व्हर' चालवून करायची असा नियम आहे. म्हणजे दुकानाच्या फळीवरचे एक यंत्र एकाच वेळी दोन-तीन धन्यांच्या हुकमतीखाली असते. राज्याच्या प्रणालीत सगळे सुरळीत असले तरी कंपनीचा मॅनेजमेंट सर्व्हर बंद पडला आणि त्याच दिवशी किल्ली बदलायची मुदत आली, तर ते यंत्र गप्प बसणार. गावात मात्र निदान एकच होते : सर्व्हर डाऊन.

उपकरणे सांभाळणाऱ्या सर्व्हरची कामे नुसती मोजायला घेतली तरी ती स्वभावाने किती वेगळी आहेत ते लक्षात येते. नवीन यंत्राची नोंदणी करून त्याला प्रमाणपत्र देणे हे काम क्वचित येते, पण त्यात चूक झाली तर सगळा विश्वासच उडतो. 'मी चालू आहे, माझ्यासाठी काही निरोप आहे का' असे दर काही मिनिटांनी विचारणाऱ्या यंत्रांना उत्तर देणे हे काम अगदी किरकोळ, पण अखंड. नव्या आवृत्तीची फाइल हजारो यंत्रांना पोचवणे हे अवजड काम महिन्यातून एखाद्या वेळी येते. या सगळ्याची नोंद ठेवणारा डेटाबेस असतो. आणि जिल्ह्याला, मंत्रालयाला तक्ते काढून देणारा अहवाल विभाग असतो. त्याला वापरणारे मोजकेच, पण एकेक तक्ता डेटाबेसचा घाम काढणारा.

तहसील कार्यालयात बारनिशी, पुरवठा शाखा, अभिलेख कक्ष आणि कोषागाराचे टेबल एकाच कारकुनाकडे दिले तर काय होईल, ते कोणालाही सांगावे लागत नाही. दाखला मागणाऱ्यांची रांग लागली की आवक-जावक थांबेल, आणि जुनी फाइल शोधायला तो आत गेला की बाहेर कोणीच उरणार नाही. एकाच सर्व्हरवर सगळ्या भूमिका चढवल्या की हेच घडते. फरक एवढाच की इथे रांगेत पन्नास हजार यंत्रे असतात आणि ती थकून घरी जात नाहीत. उत्तर आले नाही तर पुन्हा विचारतात.

जरा हिशेब मांडून पाहू. पन्नास हजार यंत्रांनी दर पंधरा मिनिटांनी एकदा विचारणा केली, तर सेकंदाला सरासरी ५५ विनंत्या येतात. साध्या सर्व्हरलाही हे झेपते. पण दुकाने उघडण्याची वेळ सगळीकडे साधारण एकच. सकाळी एका मिनिटाच्या आत सगळी यंत्रे चालू झाली तर तोच आकडा सेकंदाला ८३०च्या पुढे जातो. आता त्याच सकाळी ४० एमबीची नवी आवृत्ती पाठवायची ठरली असे धरा. चाळीस गुणिले पन्नास हजार म्हणजे २० लाख एमबी, साधारण दोन टेराबाइट. सेकंदाला एक गिगाबिटची जोडणी पूर्ण क्षमतेने त्यासाठीच वापरली तरी साडेचार तासांच्या आसपास लागतील. ठशाचे पाकीट त्या मानाने चिमुकले असते, पण ते त्याच नळीतून जाणार असेल तर मावशींचे साडेचार तास गेले.

म्हणून फाइल वाटणारा सर्व्हर वेगळा काढतात. वाटणीची सुरुवात बहुतेक ठिकाणी इथूनच होते आणि तेच शहाणपणाचे आहे, कारण या भूमिकेला डिस्क आणि नेटवर्क हवे, विचारणेला उत्तर देणाऱ्याला प्रोसेसर हवा आणि डेटाबेसला मेमरी हवी. भुका वेगळ्या असल्या की ताटे वेगळी वाढता येतात.

ताटे वेगळी म्हणजे यंत्रेही वेगळी, असे एके काळी होते. प्रत्येक भूमिकेसाठी एक खोका विकत घ्यायचा, त्याला वीज द्यायची, थंड ठेवायचे. आणि त्यातले बहुतेक खोके दिवसभर रिकामेच घुमत राहायचे. एका यंत्राच्या पोटात अनेक आभासी यंत्रे चालवण्याची युक्ती आयबीएमने १९६०च्या दशकात केली होती, १९७२मध्ये व्हीएम/३७० या नावाने ती ग्राहकांच्या हाती दिली. पण ती मोठ्या, महागड्या यंत्रांपुरती राहिली. साध्या सर्व्हरवर ती आणली १९९८मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअर कंपनीने. तिचे ईएसएक्स २००१मध्ये आले. पुढे झेन आणि केव्हीएमने ती फुकटात उपलब्ध केली. आज सरकारी डेटा सेंटरमध्ये नव्या कामासाठी सर्व्हर मागितला, की हाती येते ते बहुधा आभासी यंत्रच. केंद्र सरकारचा 'मेघराज' हा क्लाउड उपक्रम २०१४चा आहे, आणि राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या राष्ट्रीय डेटा सेंटरपैकी एक पुण्यात आहे.

वाटणीने नेमका किती फरक पडतो, याचे छापील आकडे मायक्रोसॉफ्टच्या कॉन्फिगरेशन मॅनेजरमध्ये सापडतात. १९९४मध्ये सिस्टिम्स मॅनेजमेंट सर्व्हर म्हणून जन्मलेले आणि अनेक बारशी झालेले हे सॉफ्टवेअर जगभरच्या कचेऱ्यांतले संगणक सांभाळते. त्यात भूमिकांना रीतसर नावे आहेत : मुख्य साइट सर्व्हर, विचारणेला उत्तर देणारा मॅनेजमेंट पॉइंट, फाइल वाटणारा डिस्ट्रिब्युशन पॉइंट, विंडोजच्या दुरुस्त्या पुरवणारा सॉफ्टवेअर अपडेट पॉइंट. या शेवटच्या भूमिकेची गंमत पाहण्यासारखी आहे. ती दुसऱ्या भूमिकेबरोबर एकाच सर्व्हरवर राहिली तर २५,००० संगणकांना पुरते. तिला स्वतंत्र सर्व्हर दिला, बाकीच्या अटी पाळल्या, की तीच दीड लाखांना पुरते. भूमिका तीच, सॉफ्टवेअर तेच. शेजारी हलवला तर सहापट. एका डिस्ट्रिब्युशन पॉइंटवर चार हजारांपर्यंत संगणक ठेवता येतात आणि एका प्राथमिक साइटखाली असे अडीचशे पॉइंट लावता येतात. मॅनेजमेंट पॉइंट मात्र पंधरापर्यंतच. फाइल वाटणारे भरपूर, उत्तरे देणारे थोडे, मुख्य सर्व्हर एक, या प्रमाणातच कामांचा स्वभाव दिसतो.

मग डेटाबेसही वेगळा काढावा का? इथे उत्साही माणूस हमखास फसतो. कागदावर आकृती काढताना डेटाबेसची चौकट बाजूला मांडली की फार नीटनेटके दिसते. पण मुख्य सर्व्हर आणि डेटाबेस दिवसभर एकमेकांशी बोलत असतात. एका यंत्राची एक विचारणा निकाली काढायला चाळीस वेळा डेटाबेसकडे जावे लागले, आणि दर खेपेला नेटवर्कमध्ये अर्धा मिलिसेकंद गेला, तर त्या एका विचारणेमागे वीस मिलिसेकंद नुसत्या ये-जा करण्यात जातात. कॉन्फिगरेशन मॅनेजर चालवणारे पुष्कळ जुने प्रशासक म्हणूनच डेटाबेस मुख्य सर्व्हरच्या घरातच ठेवतात, त्याला मेमरी आणि वेगळ्या डिस्क भरपूर देतात, आणि बाकीची बिऱ्हाडे बाहेर काढतात. अहवालांसाठी डेटाबेसची रोज ताजी होणारी प्रत वेगळ्या यंत्रावर ठेवली तर मंत्रालयातून मागवलेल्या तक्त्यामुळे दुकानातली पावती अडत नाही.

नोंदणीचे आणि किल्ल्यांचे काम मात्र वेगळेच हवे, मग यंत्रे पाचशे असोत की पन्नास हजार. कारण तिथे प्रश्न ओझ्याचा नसून विश्वासाचा आहे. इंटरनेटकडे तोंड करून बसलेला सर्व्हर कधी ना कधी कोणीतरी फोडायचा प्रयत्न करणार, हे धरूनच चालायचे. किल्ल्या देणारा सर्व्हर त्याच घरात असेल तर चोराला तिजोरी शोधायचीही गरज नाही. म्हणून पुढच्या फळीत फक्त निरोप्या, मध्ये भिंत, भिंतीत ठरावीक एवढीच खिडकी, आणि मागे प्रमाणपत्र देणारा. शक्यतो किल्ली त्याच्याही हाती न देता वेगळ्या सुरक्षित हार्डवेअरमध्ये कोंडलेली. आधारच्या स्कॅनरमध्ये पुढे आलेल्या 'एल-वन' दर्जात हाच विचार लहान रूपात आहे : सही करण्याची किल्ली स्कॅनरच्या आतल्या सुरक्षित भागात असते, ज्या यंत्राला तो जोडला त्याला ती दिसतच नाही.

आभासी यंत्रांचा एक सापळा नवख्यांना फार उशिरा दिसतो. सहा भूमिका सहा आभासी यंत्रांत छान वाटल्या. पण ती सहाही एकाच खऱ्या खोक्यात चालत असतील तर त्या खोक्याचा वीजपुरवठा गेला की सहाही एकदम जातात. आभासीकरणाची व्यवस्था पाहणारे सॉफ्टवेअर मोकळी जागा दिसेल तिथे यंत्रे हलवत असते. आज वेगळ्या खोक्यांत असलेले दोन मॅनेजमेंट पॉइंट उद्या पहाटे एकत्र नांदू लागतात आणि कोणाला कळतही नाही. 'या दोघांना कधीही एका छपराखाली ठेवू नकोस' असा नियम त्या सॉफ्टवेअरला मुद्दाम लिहून द्यावा लागतो. शिवाय शेजाऱ्याचाही त्रास असतो. त्याच खोक्यात दुसऱ्या खात्याचे आभासी यंत्र रात्री बॅकअप घेऊ लागले की आपला डेटाबेस मंदावतो, आणि आपल्या नोंदींत काहीच चुकलेले सापडत नाही.

छपराचा विषय निघालाच आहे तर मंत्रालयाची आग आठवावी लागते. २१ जून २०१२ला मंत्रालयाच्या वरच्या मजल्यांना आग लागली, माणसे दगावली, कागदी फायलींचे ढीग जळाले. राज्याच्या डेटा सेंटरमधली संगणकीय माहिती मात्र वाचली. दुसऱ्या शहरात प्रत ठेवण्याच्या चर्चेला त्या दिवसानंतर कोणी पोकळ म्हटले नसेल.

आता स्नॅपशॉट. आभासी यंत्राचे हे सगळ्यात मोहक वैशिष्ट्य : एका क्षणाची हुबेहूब प्रत जपून ठेवायची, पुढे बिघडले तर बटण दाबून त्या क्षणाला परतायचे. एकट्या यंत्राला हे वरदान आहे. भूमिका वाटल्या की ते जपून वापरावे लागते. समजा मंगळवारी सकाळी किल्ल्यांच्या सर्व्हरचा स्नॅपशॉट घेतला. दिवसभरात काही हजार स्कॅनरना नव्या किल्ल्या मिळाल्या. बुधवारी सर्व्हर बिघडला म्हणून त्याला मंगळवार सकाळवर नेले. आता या सर्व्हरला त्या नव्या किल्ल्या माहीतच नाहीत, पण डेटाबेस आणि स्कॅनर दोघेही पुढे निघून गेलेले. एकाच घरातले लोक वेगवेगळ्या तारखांत जगू लागतात. मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत हा घोळ इतका वारंवार झाला, की विंडोज सर्व्हर २०१२मध्ये आभासी यंत्राला एक ओळखक्रमांक दिला गेला. यंत्र मागे नेले की तो क्रमांक बदलतो, आणि आतल्या सर्व्हरला समजते की आपल्याला काळात मागे ढकलले आहे. असा पहारा सगळ्याच सॉफ्टवेअरमध्ये नसतो. म्हणून अशा यंत्रणेत बॅकअप सगळ्या भूमिकांचा मिळून, एका वेळेचा घ्यायचा आणि परत आणायचाही मिळून.

वाटणी कितीही चांगली केली तरी एक प्रश्न उरतो : काय पाठवायचे, हे कोण ठरवतो आणि ते किती जणांना एकदम जाते. १९ जुलै २०२४ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या यंत्रणेने जगभरच्या संगणकांना एक सदोष फाइल पाठवली. भारतात तेव्हा सकाळचे ९ वाजून ३९ मिनिटे झाली होती. चूक ध्यानात येऊन फाइल मागे घेतली तोवर ७८ मिनिटे गेली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे ८५ लाख विंडोज संगणक निळा पडदा दाखवत पडले. आपल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. वाटप करणारे सर्व्हर त्या दिवशी उत्तम चालले, हीच पंचाईत होती. नवी फाइल आधी थोड्या यंत्रांना, दोन दिवस थांबून आणखी काहींना, मग बाकीच्यांना, असा टप्प्यांचा क्रम त्या प्रकारच्या फाइलला लावलेला नव्हता. पन्नास हजार ई-पॉस यंत्रांच्या बाबतीत भोकरदनसारखा एखादा तालुका पहिल्या टप्प्यात घेता येतो. फक्त तो महिनाअखेरीचा आठवडा नसावा.

त्याच जुलैच्या शेवटी महाराष्ट्रातली ई-पॉस प्रणाली कोलमडली. दोन्ही घटनांचा एकमेकींशी संबंध नव्हता. राज्यभर दुकानांत धान्य पडून होते आणि पावती निघत नव्हती. अखेर सरकारने ऑफलाइन, म्हणजे यंत्राविना नोंदवहीवर वाटप करायला मुभा दिली. २०२२च्या दिवाळीत 'आनंदाचा शिधा' वाटतानाही तशीच पाळी आली होती. शंभर रुपयांत रवा, चणाडाळ, साखर आणि पामतेल. दिवाळी तोंडावर, आणि सगळे राज्य एकाच आठवड्यात दुकानात. त्यानंतर शिधापत्रिकेतल्या प्रत्येक नावाच्या ई-केवायसीचे काम त्याच यंत्रांवर आले आणि त्याची मुदत पुन्हा पुन्हा वाढवावी लागली. रोजचे धान्य आणि एकदाच करायची ई-केवायसी ही दोन कामे एकाच रांगेत उभी करणे हा वाटणीचाच प्रश्न आहे, मग ती रांग दुकानात असो वा सर्व्हरवर. ई-केवायसी मोबाइलवरून घरबसल्या करायची सोय आली, तसा यंत्रावरचा तेवढा भार हलला.

अर्थात मागचे सर्व्हर कितीही वाटले तरी हातातले उपकरण दुबळे असेल तर उपयोग नाही. मार्च २०२१मध्ये अंगणवाड्यांसाठी 'पोषण ट्रॅकर' अ‍ॅप आले. महाराष्ट्रातल्या सेविकांकडे सरकारने आधी दिलेले जे फोन होते त्यांची मेमरी दोन जीबी. अ‍ॅप अडकायचे, फोन तापायचा, वॉरंटीची मुदत संपल्यामुळे दुरुस्तीचा खर्च सेविकांवर, आणि अ‍ॅपमध्ये मराठीचा पत्ता नाही. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये राज्यभरच्या सेविकांनी मोर्चे काढून फोन कार्यालयात परत केले. उपकरणे सांभाळणाऱ्या कुठल्याही सर्व्हरच्या यादीत इतकी यंत्रे एकदम 'परत' अशी नोंद होणे ही दुर्मीळ गोष्ट आहे.

लहान कारभाराला मात्र ही सगळी उस्तवार नको. एखाद्या पतसंस्थेचे किंवा बाजार समितीचे तीनशे संगणक असतील तर एक बरे आभासी यंत्र, किल्ल्यांसाठी वेगळे दुसरे, आणि दुसऱ्या गावी बॅकअप एवढे पुरते. प्रत्येक नवीन आभासी यंत्राबरोबर एक परवाना, एक पासवर्ड, दर महिन्याच्या दुरुस्त्या आणि बिघडण्याची आणखी एक जागा येते. सहा सर्व्हर सांभाळायला माणूस नसेल तर सहातले चार वर्षानुवर्षे तसेच, न सुधारलेले राहतात, आणि चोर तिथूनच शिरतो.

राज्यात आता ई-पॉसची जुनी यंत्रे जाऊन ४जी आणि डोळ्यांची बुबुळे टिपणारी नवी यंत्रे आली आहेत. झिजलेल्या बोटांना त्यामुळे दुसरी वाट मिळाली. मागच्या सर्व्हरसाठी मात्र हे दुहेरी काम असते : नव्याची नोंदणी करायची तशी जुन्याची रद्दही करायची. त्याची किल्ली निकामी करायची, डेटाबेसमधले त्याचे नाव बंद खात्यात टाकायचे, आणि गोदामाच्या कोपऱ्यात पडलेले ते यंत्र कोणी पुन्हा चालू करून विचारणा केलीच, तर मॅनेजमेंट पॉइंटने त्याला काय उत्तर द्यायचे तेही लिहून ठेवायचे. नोंदणीसाठी वेगळे आभासी यंत्र आवर्जून मागणाऱ्या निविदांत या शेवटच्या कामासाठी बहुधा एक ओळही नसते.